रुमाल टाकला आणि बोट सुटली

बोटीला कंडक्टर नसतो, ही माहिती मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, इटलीत, भर समुद्रात मिळाली.

माझं घर धुळ्याला आणि नोकरी जळगावला, पाइपच्या कारखान्यात. त्यामुळे आयुष्य एसटीत गेलं. अप-डाऊन करणाऱ्या माणसाला एक विद्या मात्र पक्की येते: खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं! एकदा रुमाल पडला की जागा आपली. मग घरची मंडळी स्टँडवर उसाचा रस पिऊन सावकाश आली तरी चालतं. कंडक्टरला नुसतं "माणूस येतंय हो" म्हटलं की गाडी थांबते. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण पारोळ्यापासून एरंडोलपर्यंत सगळे पाळतात. (इटलीत तो अजून पोचलेला नाही.)

माझी मुलगी प्राजू तिकडे सालेर्नो नावाच्या गावी संशोधन करते. कसलं, ते तिने मला अनेकदा समजावलं आणि मी दर वेळी "अरे वा!" म्हणालो. दोन वर्षांपूर्वी तिची आई, सुलभा, गेली. तेव्हापासून धुळ्याच्या घरात मी आणि कुकर, आम्ही दोघंच. त्यातही जास्त बोलतो तो कुकर. म्हणून म्हटलं, पोरगी येत नाही तर आपण जाऊ.

गेलो. पण प्राजू सकाळी लॅबला जायची ती दिवेलागणीला दमून यायची आणि ताटावरच पेंगायची. मी दिवसभर गॅलरीत बसून समोरच्या घराची वाळत घातलेली धुणी बघायचो. त्या घरात माणसं किती, कोणाचा शर्ट आटला, कोणाचा मोजा हरवला, सगळं मला पाठ झालं! स्वतःच्या मुलीचं काय चाललंय, तेवढंच कळायचं राहिलं.

परतीच्या आदल्या दिवशी तिने रजा काढली.

"बाबा, आज बोटीने अमाल्फीला जाऊ. दिवसभर आपण दोघंच. मलाही तुमच्याशी बोलायचंय."

मला तर एकच विचारायचं होतं: तू घरी कधी येणार? हा प्रश्न फोनवर विचारला की तिकडची रेंज नेमकी जाते. बोटीतून ती कुठे जाणार होती?

धक्क्यावर ही गर्दी! प्राजूने माझं जाण्यायेण्याचं तिकीट माझ्या खिशात कोंबलं, माझा फोन चार्जिंगसाठी स्वतःच्या बॅगेत घातला आणि म्हणाली, "तुम्ही रांगेत थांबा. मी पाणी घेऊन येते. माझ्याशिवाय चढू नका हं!"

रांग हलली. माझ्या अंगातला अप-डाऊनवाला जागा झाला. दोन गोऱ्यांच्या मधून, एका सुटकेसवरून उडी मारून मी थेट वरच्या मजल्यावर! कठड्याजवळची उत्तम जागा पकडली. एका खुर्चीवर मी, एकीवर रुमाल, एकीवर शेवेची पिशवी. जिंकलो!

तेवढ्यात कुत्र्याचं पिल्लू घेतलेल्या एक इटालियन आजी आल्या आणि खुर्चीकडे हात करून काहीतरी म्हणाल्या.

"येतायत, येतायत," मी म्हणालो. "माझी माणसं आहेत. थ्री! टोटल थ्री!"

म्हणालो आणि मलाच ऐकू आलं. तीन कुठले? आम्ही दोघंच होतो. पण इतकी वर्षं कुठल्याही गाडीत मी तीनच जागा धरत आलो, हाताला सवय. मी मुकाट्याने पिशवी उचलून मांडीवर घेतली. आजी बसल्या. पिल्लू शेव हुंगू लागलं.

आणि बोट हलली.

"ओ! थांबा! माणूस येतंय!" मी खलाशाकडे धावलो. "माय डॉटर! वॉटर! डॉटर वॉटर!"

त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि प्रेमाने पाण्याची बाटली आणून दिली. तिकडे धक्क्यावर प्राजू, दोन्ही हातांत दोन बाटल्या, लहान लहान होत चालली होती.

आजींनी स्वतःचा फोन पुढे केला. केवढं मोठं मन! पण लावणार कोणाला? प्राजूचा नंबर फोनला माहीत, मला नाही. मला तोंडपाठ असलेला नंबर एकच, सुलभाचा. तो मी मागे एकदा लावून बघितला होता, तेव्हा कुठल्याशा ट्रॅक्टरवाल्याने उचलला. मी आजींना फोन परत दिला आणि दोघांनी मिळून शेव खाल्ली. पिल्लानेही.

अमाल्फीला उतरलो. फार सुंदर गाव आहे म्हणतात. मी धक्का तेवढा पाहिला. कारण डोक्यात हिशेब पक्का: पोरगी तिकडे रडत उभी असणार, आपणच परत जावं. समोरची परतीची बोट पकडली आणि निघालो.

अर्ध्या वाटेत समोरून एक बोट आली. कठड्याला कोण? प्राजू!

"बाबाऽऽ! कुठे चाललात?"

"तुला घ्यायला!" मी ओरडलो, आणि घाबरल्यावर माणसाच्या तोंडून येते ती खरी भाषा, आमची अहिराणी, बाहेर पडली: "तठेच थांब व माय! मी येस!"

दोन्ही बोटींवरचे लोक टाळ्या वाजवू लागले. त्यांना वाटलं, काहीतरी सोहळा आहे. ती अमाल्फीला गेली, मी सालेर्नोला. इतक्या दिवसांत आमचं एवढंच मोकळेपणाने बोलणं झालं, तेही मध्ये समुद्र ठेवून.

सालेर्नोला नवं तिकीट काढलं आणि पुढच्या बोटीची वाट पाहत बसलो. आसपास सगळी कुटुंबंच कुटुंबं. प्रत्येक जण कोणावर तरी ओरडत होता. मला त्यांचा फार हेवा वाटला.

पुन्हा अमाल्फी गाठली तेव्हा उन्हं उतरली होती. प्राजू धक्क्यावरच्या दगडावर बसलेली. मला वाटलं, आता फाडून खाणार. पण ती नुसती उठली आणि माझं मनगट घट्ट धरलं, विनातिकीट प्रवाशाला कंडक्टर धरतो तसं.

"बाबा, तुम्हनी तर कमाल शे," ती म्हणाली. डोळे लाल होते.

सालेर्नोची शेवटची बोट लागली होती. ती माझ्या शेजारी बसली. अगदी खेटून. मनगट सोडलं नव्हतंच. म्हणाली, "बाबा, आता बोलायचं?"

"बोल ना," मी म्हणालो. सबंध दिवस, खरं तर सबंध दोन वर्षं, मी याच क्षणाची वाट बघत होतो. वारा मस्त होता. बोट पाळण्यासारखी डुलत होती. आणि...

आणि कोणीतरी मला हलवत होतं. "बाबा, उठा. सालेर्नो आलं."

"अरेच्चा! काय सांगत होतीस तू?"

प्राजू डोळे पुसत होती, पण हसत होती. "सांगितलं सगळं. नोकरी इथेच मिळतेय, अजून तीन वर्षं तरी येणं होणार नाही. मी इतकी घाबरले होते बाबा! वाटलं, तुम्ही रागवाल, रडाल. पण तुम्ही किती शांतपणे ऐकलंत! डोळे मिटून नुसतं 'हूं' म्हणालात."

मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "तुमच्याएवढा समजूतदार बाप कोणाचाच नसेल."

आता एवढ्या समजूतदार बापाने, तेव्हा मी घोरत होतो, हे कसं सांगायचं?