बाहेरचं

सकाळी भावोजींचा फोन आला. “सुमन गेली.” तो ताईच्या डायलिसिसचा दिवस होता आणि दर वेळी तिच्याबरोबर मीच जायचे. मला न सांगता परस्पर निघाली म्हणून जरा घुश्शातच विचारलं, “कुणाबरोबर?” भावोजी म्हणाले, “एकटीच.” तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. याला आता दीड महिना झाला, तरी तो माझा प्रश्न मला अजून झोपू देत नाही.

ताई माझ्याहून मोठी, तलासरीच्या शाळेत शिक्षिका होती. डहाणूला चिकूच्या वाडीतल्या घरात संसार केला, आयुष्यभर गुजराती शेजार लाभला, पण हट्टाने एक गुजराती शब्द तोंडातून काढला नाही. २०१६ मध्ये मूत्रपिंडांनी हात टेकले आणि आमच्या दिवसाआड हायवेवरून गुजरातेत, वापीच्या डायलिसिस केंद्राच्या फेऱ्या सुरू झाल्या. नळीतून आपलं रक्त बाहेर जातं, यंत्रातून फिरून परत येतं, हे ती टक लावून बघत राही. एकदा मला म्हणाली, “एवढा वेळ बाहेर असतं गं ते. येताना कुणाला घेऊन येत असेल तर?” मी हसले. पण त्या दिवसापासून घरी पोचलो की उंबऱ्याबाहेर तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचं काम माझ्याकडे आलं. मास्तरीणबाईंना हे शोभतं का, असं मी चिडवायचे आणि ओवाळायचेही.

शेजारच्या खाटेवर एक गुजराती म्हातारी असे. डायलिसिस चालू असताना ताई कुडकुडायची, तेव्हा ती आपल्या खाटेवरून वाकून विचारी, “ठंडी लागे छे?” पावसाळ्यात ती म्हातारी वारली. त्यानंतर एकदा तलासरीचा नाका ओलांडताना, भर दुपारी, मागच्या सीटवर झोपलेली ताई डोळे न उघडता मला म्हणाली, “ठंडी लागे छे?” आवाज ताईचाच होता. माझ्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला.

तिचं जेवण तुटलं ते तेव्हापासून. वजन उतरलं, अंगात कणकण राहायला लागली. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, आत सूज आहे. ताईने लगेच पायावर अंगठा दाबून पाहिला, खड्डा पडेना. मग तिथल्या आहारतज्ज्ञ मुलीने समजावलं, की ही सूज दिसणारी नव्हे, आत धग धरून बसलेली आहे. शिवाय समुद्राकाठच्या लोखंडासारखा शरीरालाही गंज चढतो, डायलिसिसमध्ये जरा जास्तच. तिने माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणि एक जीवनसत्त्वाची गोळी लिहून दिली. काहींना फरक पडतो, काहींना नाही, हेही स्पष्ट सांगितलं. उठताना म्हणाली, “आणि आजी, बाहेरचं सगळं बंद.”

ताईने माझ्याकडे असं पाहिलं, की बघ, हिलासुद्धा कळलं! पुढच्या फेरीला ती गाडीत बसेचना. बाहेर जाऊन आलेलं रक्त ते बाहेरचंच, आणि त्या मुलीनेच ते बंद करायला सांगितलंय, असं तिचं म्हणणं. भावोजी हात जोडून विनवत होते, मी रडकुंडीला आले. एक फेरी चुकली, दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली. दोघांनी अक्षरशः उचलून गाडीत घातली. भीती एकच होती, की ही आता भुताला घाबरून जीव देणार.

आहारतज्ज्ञ मुलीने कपाळाला हात लावला. बाहेरचं म्हणजे हॉटेलातलं, आणि कुणी कुणी आणून देतात त्या पावडरी, असं तिने सांगितलं. ताईने शांतपणे ऐकून विचारलं, “आणि जे आलंय, त्याचं काय?” मला वाटलं, आता ही मुलगी हसणार. ती हसली नाही.

“तेही उपाशीच असेल ना, आजी? तुम्ही जेवत नाही, तर त्याला कोण घालणार?”

त्या दिवसापासून ताई जेवायला लागली. पहिला घास ताटाबाहेर काढायची, “हा तिचा,” म्हणायची, मग उरलेलं मुकाट संपवून कॅप्सूल गिळायची. दारात ताजं पापलेट येतं आणि मी डबीतला मासा खाते, वर मीठही कमी, अशी कुरकुरही करायची. अंगावर थोडं मांस धरलं, कणकण कमी झाली. कॅप्सूलने की त्या घासाने, कोण जाणे. वर्षभर मला माझी बहीण परत मिळाली, एवढं खरं. मग एका पहाटे झोपेतच तिचं हृदय थांबलं.

परवा त्या आहारतज्ज्ञ मुलीला भेटायला म्हणून वापीला गेले. ताईच्या खाटेवर कासा गावाकडची एक नवी बाई होती, इथे येऊन तिला आठवडाच झाला होता. एक हात नळ्यांना बांधलेला, दुसऱ्या हाताने डबा उघडत होती. तिने भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि तोंडाकडे न नेता झाकणावर बाजूला ठेवला. कुणासाठी, म्हणून मी विचारलं.

“ठाऊक नाय, बाई,” ती जरा लाजून म्हणाली. “घरी नाय करत मी असं. इथं बसली का हात आपसूक तिकडं जातो.”

त्या झाकणाशेजारच्या रिकाम्या जागेकडे मी बघत राहिले... आणि भीती वाटायची ती वाटलीच नाही.

“भाजीत मीठ कमीच घातलंय ना?” मी म्हटलं. “तिला चालत नाही.”