तिला म्हणजे कोणाला?

संस्कृतच्या वर्गात शास्त्रीबुवा आमच्या जातीच्या मुलांना बसू देत नसत, म्हणून ठाण्याच्या शाळेत मी लॅटिन घेतलं. लॅटिनच्या मास्तरांचे उपकार असे, की टेंभीवरच्या आपल्या घराच्या ओटीवर ते मला वेगळं शिकवीत. त्या दिवसांत धडा चालू होता तो दुसऱ्याचं बोलणं सांगायच्या रीतीचा. लॅटिनात ते जसंच्या तसं ठेवत नाहीत. 'आई म्हणते, मी आजारी आहे' याचं होतं, 'आई स्वतःला आजारी असणं म्हणते'. स्वतःला म्हणजे 'से'. आजारी दुसरीच कोणी असेल, तर 'तिला', म्हणजे 'एआम'.

तेवढ्यात खाडीच्या बंदराला आमच्या गावचा मचवा लागला. मचवा चालवणारे तांडेल नात्याने माझे काका. म्हणाले, "तुझी आईस बोलली, तिला बरं नाय. जमलं तर ये."

घरी आई आणि धाकटी बहीण, दोघीच. "तिला म्हणजे कोणाला, काका?"

"तिला म्हंजे तिला! इंग्रजी शाळेत जाऊन मराठी इसरलास काय रे?"

"पण आईचे शब्द काय होते?"

"अरे बाबा, मचवा सुटत होता माझा. शब्द काय टोपलीत भरून आणू?"

मास्तरांना सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर सारला. "से की एआम?" "काका सांगत नाहीत," मी म्हटलं. "मग इथे बसून कळायचं नाही. जा." वाटेसाठी त्यांच्या घरून दशम्याही मिळाल्या.

घरी दारात बहीण उभी, धडधाकट. आई आत अंथरुणावर. म्हणाली, "'तिला' मीच म्हटलं. 'मला' म्हणून सांगितलं असतं, तर मचव्यात रडत बसला असतास."

पुढे ती अंथरुणातून उठली, पण कष्टाची ताकद गेली ती गेलीच. माझी शाळा तिथेच सुटली.

आता मी ठाण्यालाच मिठाच्या वखारीवर आहे. घरी जाणं क्वचित. गावचा मचवा दिसला की हातातलं काम टाकून बंदरावर जातो. काका मात्र शहाणे झालेत. निरोप विचारला की डोक्यावर पदर सावरल्यासारखा हात नेतात, मान आईसारखी कलती करतात: "काय रे, जेवतोस ना वेळेवर?" हमाल हसतात. मी पुन्हा म्हणायला लावतो.

विचारलेला प्रश्न लॅटिनात कसा सांगायचा, तो धडा पुढचा होता. मास्तर भेटले की अजून म्हणतात, "ये रे एकदा, तेवढा पुरा करू."

येतो म्हणतो. पण तिचं 'जेवतोस ना' मोडून दुसऱ्या रूपात बसवणं माझ्याने व्हायचं नाही.