तपकिरी रेघा

नव्वदचं दशक सरत आलं होतं. देवासला, पाकिटं छापणाऱ्या एका कारखान्यात मी डिझाइनचं काम करत असे. शाई मिसळणारे काका मूळचे धारचे. दोन लाल रंगांमधला बारीक फरक त्यांना एका नजरेत कळायचा.

एका शेवेच्या पाकिटावर आम्हाला पहिल्यांदाच बारकोड छापायचा होता. पाकीट पिवळसर, त्यावर काळ्या रेघा मला भडक वाटल्या. मी तपकिरी रंग निवडला.

काकांनी नमुना खिडकीपाशी नेऊन पाहिला. "पोरी, ह्यात लाल फार आहे. दुकानातली मशीन लाल उजेडात वाचते. तिला ह्या रेघा दिसायच्या नाहीत. काळा घे, नाहीतर गडद निळा."

"काका, एवढा गडद तर आहे!"

"आपल्या डोळ्यांना."

तरी मी नमुन्यावर सही केली. त्यांनी मी मागितला तस्साच रंग बनवून दिला.

महिन्याभरात माल परत आला. इंदूरच्या दुकानांत मशीन पाकिटांवरून फिरवली तरी गप्पच राहायची. काकांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "इनसे लाल ज़्यादा पड़ गया. आँखें गईं इनकी."

मी सही केलेला नमुना माझ्या टेबलाच्या खणात होता. मी खण उघडला नाही.

काकांनी पाकीट खिडकीपाशी नेऊन पाहिलं. मग डोळे चोळून हळूच म्हणाले, "असेल." त्याच आठवड्यात ते काम सोडून धारला निघून गेले.

पुढे दुकानादुकानांत मशिनी आल्या. माझ्या हातातली वस्तू मशीनसमोर धरली, की टूं वाजेपर्यंतच्या त्या क्षणात मी तिच्यावरच्या रेघांचा रंग तपासे. अजूनही तपासते.

सहा-सात वर्षांनी धीर करून धारला गेले. काका ओट्यावर टोमॅटोचं ताट घेऊन बसले होते. एकेक उचलून काकूंना विचारत होते, "हा पिकलाय ना गं?"

मी सगळं सांगितलं. रंग माझा, सही माझी, गप्पही मीच बसले.

त्यांनी हातातला टोमॅटो ताटात ठेवला. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू मनाची फार हळवी आहेस. माझे डोळेच गेले होते, पोरी."

फाटकापर्यंत पोचवायला आलेल्या काकू म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, नजर अगदी चांगली आहे. ह्यांना पटतच नाही."

त्यानंतर मी आणखी दोनदा गेले. दोन्हीदा तेच सांगितलं. दोन्हीदा त्यांनी मलाच धीर दिला.