चुलीपाशी पोचणारी गाडी

दुष्काळाच्या उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी वाटीनं पाणी भरताना वहिनींच्या अंगावर काठ ढासळला आणि त्यांचे पाय कायमचे गेले. मी तेव्हा वाळूजच्या एका कारखान्यात संगणकावर यंत्रांचे भाग आखत होतो. शहर रोज वाढत होतं, तसा माझा तोराही. वहिनींची चाकाची खुर्ची मीच आखणार म्हटलं. एक झाली, दुसरी झाली. पडद्यावर फिरवून पाहताना वाटायचं, माझीच दृष्ट लागेल! पण वैजापूरकडच्या आमच्या घरात वहिनी त्या खुर्चीत नुसत्या दारापाशी बसून राहायच्या. "भावजी, खुर्ची लई भारी हाय. पर मी माझ्याच घरात पाहुनी झाले," म्हणून त्या रडल्या, तेव्हा माझा देवावरचा विश्वासच डळमळला.

एका शनिवारी भद्रा मारुतीच्या देवळाकडं पायी निघालो ते देवाशी भांडायलाच. दौलताबादच्या पुढं चढावर एक म्हातारी सीताफळं विकत होती. पाय वाळलेले. पाटाला बेअरिंगची चाकं लावून, हातांनी जमीन रेटत ती गिऱ्हाइकापर्यंत सरकायची. न राहवून विचारलं, "मावशी, चाकाची खुर्ची नाही का मिळाली?"

"मिळाली ना. तिच्यावर कोंबड्या बसत्यात," ती हसली. "बाबा, माझं समदं जिणं भुईवर. वर बसून करू काय?"

मी तिच्याजवळ भुईवर बसलो. माझं प्रत्येक चित्र ऑफिसातल्या माझ्या खुर्चीच्या उंचीपासून सुरू झालं होतं! वहिनींची चूल, पाटा, देव्हारा सगळं भुईवर, आणि मी शहाणा त्यांना दीड हात वर टांगून ठेवत होतो. देवळात पोचेपर्यंत भांडण विरून गेलं. डोकं टेकवून एवढंच म्हणालो, आता तू आख, मी हात चालवतो.

मग गावी जाऊन वहिनींना भुईवर बसवलं आणि त्यांचा हात कुठवर पोचतो ते पहिल्यांदाच मोजलं. चार बोटं उंच बैठक, मांडी घालण्याएवढी रुंद, उंबरा ओलांडायला पुढं मोठी चाकं. गाडी आली त्या दिवशी वहिनींनी कुणालाही हात लावू दिला नाही. उंबरा ओलांडून थेट चुलीपाशी गेल्या, परात ओढली आणि भाकरी थापायला घेतली. दादा तोंड फिरवून डोळे पुसत होता.

पुढं अशा कितीतरी गाड्या मी आखल्या. त्यांचा मला अभिमान आहे, तो लपवत नाही. ती म्हातारी कुणी पाठवली, हा वाद मात्र घालत नाही. आपली हुशारी देवाच्या पायाशी ठेवली की तोच ती कामाला लावतो, एवढं मला कळलं. पहिली गाडी आली त्या दुपारी वहिनी म्हणाल्या, "भावजी, बसा. गरम हाय तवर खावा." मी चार भाकरी खाल्ल्या. पाचवी त्यांनी न विचारताच वाढली.