लेन्स कोपऱ्यात कळते

बाबांच्या नजरेत मधोमध डाग आला होता. तो वाढत जाणार, कडेकडेचं तेवढं दिसत राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर बाबांनी एकच मागणं केलं: आईचा एक मोठा फोटो, डार्करूममध्ये छापलेला. "अजून दिसतंय तोवर," म्हणाले. आईला जाऊन तीन वर्षं झाली होती.

निगेटिव्ह जपून ठेवलेली होती, पण निगेटिव्ह मोठी करून छापायच्या एन्लार्जरच्या लेन्सला बुरशी लागलेली. शनिवार पेठेत जुने कॅमेरे दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे दोन लेन्स निघाल्या. कोणती घेऊ, मी विचारलं.

"फोटो तुम्ही छापणार की मी?" ते म्हणाले. "दोन्ही न्या. नको असेल ती परत आणा. पुसून."

कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या खिडकीला काळा कागद चिकटवून मी दोन्ही लेन्सनी एकेक प्रिंट काढली. हे सगळं बाबांनीच शिकवलेलं. हौस त्यांची, हमाली माझी. "मधलं कुठलीही भिकार लेन्स दाखवते. लेन्स कोपऱ्यात कळते, कोपरे बघ," असं ते बजावायचे. मी आधी चेहरा बघायचो आणि बोलणी खायचो.

या वेळीही मी चेहराच बघितला. दोन्हींत आई लख्ख आली होती, हसू दाबून "आटपा आता" म्हणणारी. मला निवडता येईना. लेन्स बदलून बाबांचे डोळे सुधारणार नाहीत हे कळत होतं, पण दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

वाळलेल्या प्रिंट बाबांना दिल्या. त्यांनी त्या नाकाशी धरल्या, मान तिरकी केली आणि एक लगेच बाजूला ठेवली. "हिचे कोपरे फिके पडलेत. ती लेन्स परत कर."

बघतो तर खरंच, फोटोतल्या तुळशीच्या कुंडीकडचा कोपरा पार उडाला होता. माझ्या चांगल्या डोळ्यांना तो दिसला नव्हता.

"बाबा, तुम्हाला दिसतंय की!" मी जवळजवळ ओरडलोच.

ते दुसरी प्रिंट बराच वेळ हातात फिरवत राहिले. "चारही कोपरे छान आलेत," शेवटी म्हणाले. मग चाचपत कागदाच्या मधोमध बोट टेकवलं. ते आईच्या कपाळावर आलं.

"इथं आहे ना ती? कोपरे राहू देत आता. चेहरा कसा आलाय, तेवढं सांग."