काठोकाठ भरलेली कूलंटची बाटली

सगळ्यात आधी आलमबागहून वन्सं टपकल्या, डबा घेऊन. ह्यांनी हौसेनं दुरुस्त केलेली जुनी गाडी आज पहिल्यांदा चौकापर्यंत जाणार होती ना!

शुभ कामाला निघताना भांडं अर्धं रिकामं नको, म्हणून मी बॉनेटखालची कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, बाटली गुपचूप काठोकाठ भरली.

आमच्या वृंदावन योजना वसाहतीतून बाहेर पडलो नाही तोच खालून हिरवं पाणी भसाभसा! बायांनो, थांबायचं नावच नाही!

"दादा, रोको! इंजिन फुटलं!" वन्सं किंचाळल्या.

ह्यांनी तापमानाचा काटा बघितला. "इंजिन ठणठणीत आहे. तापल्यावर पाणी फुगतं, त्याला जागा नको? बाटली कोणी भरली?"

मी हळूच हात वर केला. हे इतके हसले, की मलाही हसू आवरेना.

तुमच्याकडून झालंय का असं काही? वन्सं रविवारी परत येणार आहेत, वहिनीला बॉनेटजवळ फिरकू द्यायचं नाही या अटीवर!