अकरा पानं कुठे गेली?

"अकरा पानं कमी झाली!" वैद्य साहेबांनी जाहीर केलं आणि सगळ्यांसाठी चहा आणि गोरसपाक बिस्किटं मागवली.

साहेब आमचे जनरल मॅनेजर. वर्ध्याच्या एमआयडीसीत आमचा कारखाना आहे. तिथे जिनिंग मशीन बनते, म्हणजे कापसातून सरकी आणि रुई वेगळी करणारं यंत्र. प्रत्येक मशीनसोबत एक जाडजूड मॅन्युअल जातं. ते मी लिहिते. सोळा वर्षं झाली, तरी अर्ध्या कारखान्याची समजूत अशी की मी टायपिंग करते.

ज्या सॉफ्टवेअरवर मी ते पुस्तक रचते, त्याचं नवं व्हर्जन घ्यायचं की नाही, ते ठरवायची कमिटी बसली होती. कमिटीत साहेब, परचेसचे एक गृहस्थ आणि मी. त्या दोघांनी हे सॉफ्टवेअर आयुष्यात कधी उघडलेलं नव्हतं, त्यामुळे मतं त्यांचीच ठाम होती.

नागपूरहून सॉफ्टवेअर विकणाऱ्या एजन्सीचा सेल्समन डेमो द्यायला आला. कुठल्याशा रिसॉर्टचं बारा पानी रंगीत ब्रोशर त्याने पडद्यावर लावलं. फोटो इकडून तिकडे सरकवले. साहेबांनी मान डोलावली.

"आमचं पुस्तक चारशे बारा पानांचं आहे," मी म्हटलं. "मराठीत आहे. त्यात आठशेच्या वर आकृत्या आणि 'अमुक पान पहा' आहेत."

"मॅडम, टेन्शनच नाही घ्यायचं. बारा काय आन् चारशे काय, सॉफ्टवेअरले थोडी फरक पडते!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. बारा माणसांचा स्वयंपाक आणि चारशेंची पंगत यात काय फरक असतो, ते ज्याने पंगत वाढली त्यालाच ठाऊक. पण साहेबांच्या हातात बेचाळीस मुद्द्यांची चेकलिस्ट होती. ती एजन्सीनेच बनवून दिली होती. पोराने स्वतःच पेपर काढावा आणि स्वतःच तपासावा, तसला प्रकार. बेचाळीसपैकी बेचाळीस टिक झाल्या यात नवल ते काय?

तरी मी माझी खरी फाइल नव्या व्हर्जनमध्ये उघडायला घेतली. उघडली. तपासणीचं बटण दाबलं. पडद्यावर आलं: शून्य एरर. पुस्तक चारशे एक पानांचं झालं होतं.

"अकरा पानं कशी कमी झाली?" मी सेल्समनला फोनवर विचारलं.

"नवं लेआउट इंजिन आहे न मॅडम. मजकूर दाटून बसवते."

उत्तर ऐकायला बरं होतं. मला घरी जायचं होतं. नवं व्हर्जन चालेल म्हणून मी सही ठोकली. इतरांना नावं ठेवताना हे सांगायला मी सहसा विसरते, म्हणून इथे लिहून ठेवते.

अकरा पानांचा कागद वाचला, या उत्साहाच्या भरात साहेबांनी ते पुस्तक थेट छापायला पाठवलं. सीझन तोंडावर होता. वडनेरच्या बाजूला एका जिनिंगमध्ये आमच्या मोठ्या मशीन लागणार होत्या.

पुढच्या सोमवारी प्रेसमधून पहिली छापील प्रत आली आणि ती न्यायला शेषरावभाऊ आले. शेषरावभाऊ आमचे सर्वात जुने फिटर. गावोगाव जाऊन मशीन बसवतात आणि तिथल्या माणसांना शिकवतात. बऱ्याच वर्षांपूर्वी एका जिनिंगमध्ये ते मशीनचा रोलर बदलत होते. मशीन बंद होती. चहा पिऊन आलेल्या कोणीतरी मेन स्विच चालू केला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

त्यानंतर रोलर बदलण्याच्या प्रकरणात मी तिसरी पायरी घातली. 'मेन स्विच बंद करा. कुलूप लावा. चावी स्वतःच्या खिशात ठेवा.' 'स्वतःच्या' हा शब्द शेषरावभाऊंनी माझ्यासमोर बसून घालायला लावला होता. कारखान्यात तिला शेषरावची पायरी म्हणतात. नवं पुस्तक हातात आलं की ते आधी तेच पान काढतात.

त्यांनी पान काढलं. पायऱ्यांवरून बोट फिरवलं.

"मॅडम, माही पायरी कुठी गेली?"

"तिथेच असेल. तीन नंबर."

"तीन नंबरले तं पट्ट्याचं कव्हर काढा लिहून राह्यलं." त्यांनी पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. "कोणी हे वाचून काम करीन तं चालू मशीनमधी हात घालीन न!"

मी जुनं पुस्तक काढून ताडून पाहिलं. पायऱ्यांना नंबर आपोआप पडतात. एक पायरी गायब झाली की चारची तीन होते. मध्ये भोक दिसत नाही, उलट पान आणखी नीटनेटकं दिसतं.

दोन दिवस जुनं आणि नवं पुस्तक शेजारी ठेवून, ओळीखाली पट्टी धरून मी वाचत गेले. कारण सापडलं. आमची मशीन मोठी, मधली आणि छोटी अशी तीन प्रकारची. तिन्हींचा मजकूर एकाच फाइलमध्ये असतो. कोणतं वाक्य कोणत्या मशीनचं, त्याचा टॅग लावायचा आणि नको तो टॅग झाकून पुस्तक काढायचं. छोट्या मशीनला मेन स्विचचं वेगळं पॅनल नसतं, म्हणून शेषरावच्या पायरीला 'मोठी' आणि 'मधली' असे दोन टॅग होते. जुन्या व्हर्जनमध्ये दोनपैकी एक टॅग उघडा असला तरी वाक्य छापलं जायचं. नव्यात एक जरी झाकलेला असला तरी वाक्य गुल; आणि मोठ्या मशीनच्या पुस्तकात 'मधली' झाकलेला होताच. अशा एकतीस जागा निघाल्या. त्यातल्या बहुतेक 'सावधान'च्या चौकटीतल्या. अकरा पानं ती हीच.

सेल्समनला फोन लावला.

"मॅडम, हा बग नाई. हे नवं लॉजिक आहे. एरर कशी दाखवीन?"

साहेबांना दोन्ही पानं दाखवली. ते म्हणाले, "पण चेकलिस्टमध्ये तर सगळ्या टिक आहेत!"

"सर, मजकूर शाबूत आहे का, हा मुद्दाच चेकलिस्टमध्ये नाही."

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, यातल्या आंधळ्यांत मीही बसले होते. त्यामुळे पुढचं जे बोलायचं होतं ते गिळलं. छापलेल्या प्रती रद्दीत गेल्या. पुस्तक जुन्या व्हर्जनवर पुन्हा निघालं. ते पोचेपर्यंत वडनेरच्या मशीन शेषरावभाऊंनी चालू करू दिल्या नाहीत. साहेबांनी वर रिपोर्ट पाठवला की युजरला ट्रेनिंगची गरज आहे. युजर म्हणजे मी.

यातून मी शिकले ते एवढंच. पुस्तक जाड झालं तर कुरकुर करावी, बारीक झालं तर घाबरावं.

नवं व्हर्जन आज ना उद्या घ्यावंच लागेल. म्हणून मी चेकलिस्टमध्ये त्रेचाळिसावा मुद्दा घातला: पुस्तक छापायला जाण्यापूर्वी शेषरावभाऊंची सही. साहेबांचा चेहरा पडला.

"त्यांना कॉम्प्युटर सुरू तरी करता येतो का? फॉर्ममध्ये त्यांचं क्वालिफिकेशन काय लिहू?"

"लिहा सर," मी म्हटलं, "आठ बोटं."